आफ्रिकेतल्या मुलांचं चर्चमधलं गाणं: हळहळ बाजूला ठेवून ऐकू या

नदीकाठ

गेली सहा वर्षं आम्ही कंपालात राहतोय. घरामागच्या उतारावर पत्र्याच्या छपराचं एक चर्च आहे आणि दर शनिवारी दुपारी तिथे मुलांची गाण्याची तालीम असते. सात ते तेरा वर्षांची तीस-पस्तीस मुलं. पेटी नाही, पियानो नाही, एक ढोल आहे. शिकवणाऱ्या बाई समोर उभ्या राहून एक ओळ गातात, मुलं ती उचलतात. दुसऱ्या फेरीला त्या ओळीखाली आणखी एक सूर येऊन बसतो, तिसऱ्या फेरीला आणखी एक. "तू वरचा घे, तू खालचा घे" असं कुणी वाटून देत नाही. पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज होतो की गाणं ऐकूच येत नाही. तेव्हा मुलं गप्प राहतात आणि ढोलवाला मुलगा नुसता ठेका धरून बसतो. पाऊस ओसरला की त्याच ठेक्यावर पुढची ओळ सुरू.

मागच्या महिन्यात पुण्याहून आत्या आली होती. तिला मुद्दाम तालमीला नेलं. दहा मिनिटांत तिचे डोळे भरून आले, माझा हात धरून म्हणाली, "बिचारी गं लेकरं."

मला ते लागलं. यातल्या एकीचे वडील बोडाबोडा, म्हणजे मोटरसायकलची टॅक्सी चालवतात. दोघा भावांची आई शाळेत गणित शिकवते. ढोलवाल्याच्या घरी केळीची बाग आहे. मग बिचारी का?

माझ्या मते कारण असं की आफ्रिकेतली गाणारी मुलं आपल्याला पडद्यावर भेटतात ती बहुतेकदा मदतीच्या आवाहनासोबत. याची सुरुवात इथेच, युगांडात झाली. १९८४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, रे बार्नेट यांनी अनाथ आणि निराधार मुलांचं एक गायनपथक उभं केलं, तेच पुढे 'आफ्रिकन चिल्ड्रन्स क्वायर' म्हणून जगभर गेलं. एका लहान मुलाला त्यांनी गाडीत बसवून घेतलं, तो वाटभर गात होता, त्यावरून ही कल्पना सुचली असं ते सांगतात. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, कंपालातल्याच एका चर्चने 'वाटोटो'चं काम सुरू केलं. वाटोटो म्हणजे स्वाहिलीत मुलं. त्यांचीही गायनपथकं देशोदेशी फिरतात. या पैशांतून पुष्कळ मुलं शिकली, मोठी झाली, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यामुळे जगाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र बसलं: रंगीत कपडे, मोठं हसू आणि मागे एक दुःखाची गोष्ट. गाणं त्या गोष्टीच्या मागे राहिलं.

खरं तर मुलांच्या गाण्याची ही परंपरा त्या पथकांच्या कितीतरी आधीची आहे. एकच उदाहरण देते. जोहान्सबर्गजवळ नॅन्सफील्ड इथे मेथडिस्ट मिशनची शाळा होती. तिथले एक तरुण शिक्षक, एनॉक सोंटोंगा, आपल्या शाळेतल्या मुलांसाठी गाणी रचून वहीत लिहून ठेवत. १८९७ मध्ये त्यांनी मुलांकडून 'न्कोसी सिकेलेल' इआफ्रिका' बसवून घेतलं. 'देवा, आफ्रिकेला आशीर्वाद दे, तिचं शिंग, म्हणजे तिचं बळ, उंच होऊ दे' अशी साधी प्रार्थना. ८ जानेवारी १९१२ ला ब्लूमफाँटेनला, जिला पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस हे नाव मिळालं त्या संघटनेची पहिली बैठक झाली, तिच्या अखेरीस हेच म्हटलं गेलं. आज दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतात ते आहे, टांझानिया आणि झांबियाच्या राष्ट्रगीतांची चाल तीच, आणि झिम्बाब्वेनेही १९९४ पर्यंत तेच गायलं. शाळेतल्या पोरांसाठी लिहिलेलं गाणं!

सोंटोंगा १९०५ मध्ये, तिशीच्या आसपास असतानाच गेले. त्यांची कबर कित्येक वर्षं सापडत नव्हती, कारण शोधणारे आडनावाने शोधत होते आणि दफनभूमीच्या नोंदवहीत त्यांचं नाव नुसतं 'एनॉक' असं लिहिलेलं होतं. १९९६ मध्ये ब्रामफाँटेनच्या त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

या धाग्यावर गाण्याबद्दल बोलू या का? ज्यांनी ऐकलंय, गायलंय, शिकवलंय, त्यांनी लिहा. मी गाणारी नाही, फक्त दर शनिवारी खिडकी उघडी ठेवणारी आहे.

आंबेमोहोर

वाचतेय. सोंटोंगांचं माहीत नव्हतं. अजून लिही.

सूरपेटी

नदीकाठताई, फार चांगला विषय. मी हार्मोनियम शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष एका वेगळ्या गोष्टीकडे गेलं. ही मुलं गाणं शिकतात कशी?

कंपालातल्या तुमच्या चर्चमध्ये कानाने शिकतात, पण दक्षिण आफ्रिकेत, घानात, केनियात शाळांतून पिढ्यानपिढ्या एक लिपी चालत आली आहे, टॉनिक सोल्फा. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने ती पद्धत बांधली आणि जॉन कर्वेन नावाच्या पाद्र्याने १८४०च्या दशकापासून ती रविवारच्या शाळांसाठी वाढवली. पाच रेघांचा कागद लागत नाही. डो, रे, मी यांची आद्याक्षरं, मध्ये मात्रांसाठी विसर्गासारखी दोन टिंबं आणि उभ्या रेघा. फळ्यावर खडूने लिहिता येते, टाइपरायटरवर छापता येते. गरीब शाळेला याहून मोठी सोय कोणती? सोंटोंगांसारखे शिक्षक याच लिपीत लिहीत.

आता आपल्याशी जुळणारी गोष्ट. या पद्धतीत 'डो' हलता असतो. गाणाऱ्याला जी पट्टी सोयीची, तिथे डो. म्हणजे आपला षड्जच! पांढरी चार असो की काळी एक, सा तो सा. माझ्याकडे पूर्वी एक दक्षिण आफ्रिकन विद्यार्थी यायचा, तो अलंकार इतक्या चटकन उचलायचा की मी चकित व्हायचो. एकदा त्याने वही दाखवली, त्यात मी शिकवलेला भूप त्याने डो रे मी सो ला असा लिहून ठेवला होता. त्याला सा समजावून सांगायची गरजच पडली नव्हती, तो लहानपणी शाळेच्या समूहगानात डो घेऊनच वाढला होता.

मांडवीपार

सूरपेटी सर, गोव्याची गंमत याच्या नेमकी उलट. आमच्याकडे पोर्तुगीज काळात चर्चला जोडून 'इश्कोल पारोकियाल' असायच्या, तिथे मेस्त, म्हणजे चर्चचे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत. पण तो डो पोर्तुगीज पद्धतीचा, जागेवर खिळलेला. डो म्हणजे पियानोवरची तीच एक पट्टी. माझे आजोबा मेस्त होते. ते म्हणत, पोर आधी स्वर वाचायला शिकतं, मग त्याला व्हायोलिन हातात मिळतं.

त्यामुळे गोव्यातून वाद्यं वाजवणारे, स्वरलिपी वाचणारे निघाले आणि मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. आफ्रिकेतल्या शाळांतून मुख्यतः गळा तयार झालेली मुलं निघाली. दोन्हीकडे मिशनच, पण एका अक्षराच्या अर्थाने वाट वेगळी झाली. अर्थात वाद्यं विकत घ्यायची ऐपत हेही कारण असणारच.

उंबरठा

प्रश्न विचारते, कुणी रागावू नका. हे सगळं कौतुक ठीक आहे, पण मिशनरी येण्याआधी त्या लोकांची स्वतःची गाणी होतीच ना? ती बंद पाडून यांची शिकवली. मग मुलं आता जे गातात ते त्यांचं कसं म्हणायचं?

नदीकाठ

उंबरठा, रागवायचं काय त्यात! माझ्याही मनात हाच प्रश्न पहिल्या वर्षी होता. हो, बऱ्याच ठिकाणी ढोल, नाच, लग्नाची आणि बारशाची गाणी 'पाखंडी' म्हणून बंद केली गेली. ते झालंच नाही असं कुणी म्हणू नये.

घानातले इफ्रेइम आमू यांचं उदाहरण याच संदर्भातलं. अक्रोपोंगच्या प्रेस्बिटेरियन अध्यापक विद्यालयात ते संगीत शिकवत. त्यांनी विद्यार्थ्यांना आपल्या वाद्यांवर, आपल्या भाषेत चर्चची गाणी बसवून दिली आणि स्वतः सुटाऐवजी देशी वस्त्र नेसून प्रवचनाला उभे राहिले. १९३३ मध्ये त्यांना नोकरीवरून काढलं. त्यांनी १९२९ मध्ये केलेलं मायभूमीवरचं गाणं मात्र आज घानातलं प्रत्येक शाळकरी मूल म्हणतं.

पण आमूंचा मुद्दा नुसता ढोलाचा नव्हता, भाषेचा होता. आफ्रिकेतल्या पुष्कळ भाषांत शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. नायजेरियातल्या योरुबाचं उदाहरण सगळे देतात: 'ओको' सपाट म्हटलं तर नवरा, शेवट वर नेला तर कुदळ, खाली आणला तर वाहन. आता कल्पना करा, विलायती भजनाची चाल तशीच ठेवून तिच्यावर योरुबा शब्द बसवले. चाल जिथे चढते तिथे शब्द उतरायला हवा, जिथे उतरते तिथे चढायला हवा. देवाची स्तुती म्हणून जे गायचं, त्याचा अर्थ कुठल्या कुठे. शिवाय एकच चाल पाच कडव्यांना. एक कडवं नशिबाने जुळलं तरी दुसऱ्यात शब्द वेगळे, त्यांचे चढउतार वेगळे. लागोसच्या कॅथीड्रलचे ऑर्गनवादक एकुंडायो फिलिप्स यांनी आयुष्यभर यावरच काम केलं: चाल शब्दांतून काढायची, शब्द चालीत कोंबायचे नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की जिथे चाल भाषेपुढे वाकली, तिथे गाणं त्यांचं झालं. जिथे भाषा चालीपुढे वाकवली, तिथे ते परकंच राहिलं, मग कितीही गोड गायलं जावो.

नगरवाली

नदीकाठ, हे वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या घरात हेच बोलणं लहानपणी ऐकलंय. आम्ही अहिल्यानगरचे मराठी ख्रिस्ती, चौथी पिढी. 'उपासना संगीत' हे भजनांचं पुस्तक उशाशी असलेलं घर.

मराठीत सुराने अर्थ बदलत नाही, पण ऱ्हस्व-दीर्घाने बदलतो. विलायती चालीवर मराठी शब्द बसवले की जिथे सूर लांबतो तिथे 'दिन'चा 'दीन' होतो. आनंदाचा दिवस गायला जावं आणि तोंडून दुबळा निघावा. 'देवाचा सुत' म्हणताना सूर ताणला की देवाचं सूत होतं. माझी आजी अशी गाणी म्हणताना त्या जागी थांबायची आणि चाल मोडून शब्द नीट म्हणायची. आम्हा मुलांना हसू यायचं. आता कळतं ती काय करत होती.

म्हणून नारायण वामन टिळकांचं मोल आम्हाला वेगळं वाटतं. त्यांनी ओवी, अभंग, पदं यांतच ख्रिस्ताचं गाणं लिहिलं. 'तुकोबाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो' असं ते म्हणत. अभंगाला टाळ लागतो, मृदंग लागतो, तो बाकावर ताठ बसून म्हणताच येत नाही. टिळक १९१९ मध्ये गेले, आणि आमूंची नोकरी गेली १९३३ मध्ये. एकमेकांची नावंही त्यांनी ऐकली नसतील. दोघांच्या कानाला एकच गोष्ट खुपली.

सूरपेटी

नगरवाली ताई, दिन-दीन हे उदाहरण मी उद्याच वर्गात सांगणार.

नैरोबीची_लेक

मी नैरोबीत वाढले, बाबा तिथे रेल्वेत होते. आमच्या शाळेतून दरवर्षी केनिया म्युझिक फेस्टिव्हलला पथक जायचं. ही स्पर्धा १९२७ पासून चालत आली आहे, देशभरातल्या शाळा उतरतात. एक नेमून दिलेलं गाणं आणि एक लोकगीतावर बसवलेलं. मी एकटीच मराठी मुलगी, आणि लुओ भाषेतलं गाणं म्हणत होते! शब्दांचा अर्थ सरांनी एकदाच सांगितला, पण खांदे कसे हलवायचे ते मात्र महिनाभर शिकवलं. ते म्हणायचे, खांदा चुकला की मात्रा चुकते. हात बांधून उभं राहून ते गाणं मला आजही म्हणता येत नाही, शब्दच आठवत नाहीत. उठून हलायला लागलं की सगळं येतं.

लोक म्हणतात या मुलांचं 'नाचणं' गोड असतं. अहो, ते नाचणं वेगळं काढताच येत नाही. ताल शरीरात ठेवलेला असतो. आपल्याकडे हाताने टाळी-खाली दाखवतात, तसंच.

वसईचा_थॉमसकाका

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. वय एकाहत्तर. या धाग्यावर 'मिसा लुबा'चं, काँगोतल्या मुलांनी गायलेल्या उपासनेचं, नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून राहवलं नाही.

आमच्या पॅरिशमध्ये एक वृद्ध फादर होते, त्यांच्याकडे ही तबकडी होती. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा, चर्चच्या गायनात होतो. नुकतीच आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत सुरू झाली होती, त्याआधी सगळं लॅटिन. फादरांनी आम्हा पोरांना खोलीत बसवलं आणि तबकडी लावली. आम्हाला पाठ असलेले लॅटिन शब्दच होते, 'किरिये', 'ग्लोरिया', 'सांक्तुस'. पण खाली ढोल, वर एक मोठा पुरुषी आवाज आणि त्याला उत्तर देणारी आमच्याच वयाची मुलं. कुणी काही बोलेना. बाजू संपल्यावर सुई खरखरत राहिली तरी फादर उठले नाहीत.

हकिकत अशी. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत. कटांगा प्रांतात कामिना इथे ग्विडो हाझेन नावाचे बेल्जियन फ्रान्सिस्कन फादर होते. त्यांनी शाळेतल्या नऊ ते चौदा वर्षांच्या सुमारे पंचेचाळीस मुलांचं आणि पंधरा-एक शिक्षकांचं पथक केलं. बेल्जियमच्या राजाच्या नावावरून त्याला 'त्रुबादूर द्यु र्‌वा बोदुआँ' म्हणत. युरोपातली चाल घेऊन ती शिकवायची असं हाझेननी केलं नाही. मुलं आणि शिक्षक जी गाणी घरी म्हणत, त्यांच्याच वळणावर मिस्सेचे शब्द बसवत गेले. 'किरिये' म्हणजे 'प्रभो, दया कर'. त्याला लुबा लोकांच्या कसाला नावाच्या शोकगीताचं वळण. 'सांक्तुस'ला निरोपाच्या गाण्याचं. एकल आवाज आहे जोआकिम एनगोई यांचा, ते कामिनाच्या शाळेत शिक्षक होते. २३ मार्च १९५८ ला कामिनाच्या चर्चमध्ये ही मिस्सा पहिल्यांदा गायली गेली. पाच-सहा वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ ला, व्हॅटिकन परिषदेने उपासनेबद्दलचा दस्तऐवज काढला आणि प्रत्येक लोकसमूहाच्या आपल्या संगीताला मान द्यावा असं त्यात लिहिलं. मुलांनी ते आधीच करून दाखवलं होतं. आमची मराठी मिस्साही त्याच दस्तऐवजाच्या दाराने आली, म्हणून फादरांनी ती तबकडी आम्हाला ऐकवली, असं मी मानतो.

आता दुखणारी बाजू. त्याच १९५८ साली हे पथक युरोपच्या दौऱ्यावर गेलं, ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनातही गायलं. त्याच प्रदर्शनात कुंपण घालून एक 'काँगोचं खेडं' उभारलं होतं, त्यात काँगोतून आणलेली माणसं दिवसभर बसवलेली. बघणारे लोक कुंपणावरून केळी आणि नाणी फेकत. अपमान सहन न होऊन ती माणसं मुदतीच्या आधीच मायदेशी परतली. एकाच जागी, एकाच वर्षी, त्याच लोकांच्या मुलांसाठी टाळ्या आणि मोठ्यांसाठी केळी. मला हे कळलं तेव्हा मी पन्नाशीचा होतो. तबकडी पुन्हा लावली आणि वेगळीच ऐकू आली.

आणि नावाचं म्हणाल तर छापील स्वरलिपीवर नाव हाझेन यांचं आहे. पंचेचाळीस मुलांची नावं मी कुठे पाहिली नाहीत. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला आणि पथक पांगलं. माझ्यापेक्षा सहा-सात, फार तर दहा वर्षांनी मोठी असतील ती मुलं. आज त्यातलं कुणी असेल तर ऐंशीच्या आसपास. मी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांना आठवतो.

नदीकाठ

थॉमसकाका, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. आताच 'सांक्तुस' ऐकलं, दोनदा.

आंबेमोहोर

काका, डोळ्यांत पाणी आलं. ते नाव नसणं...

सडाफुली

मी बालहक्कांच्या कामात आहे, म्हणून एक गोष्ट नोंदवते. गाण्याकडे वळू या, हे नदीकाठचं म्हणणं पटतं, पण मुलांच्या दौऱ्यांचा इतिहास डोळ्यांआड करून चालणार नाही.

१८९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून 'आफ्रिकन क्वायर' नावाचं पथक ब्रिटनला गेलं. किंबर्लीत शाळा काढायला पैसे जमवायचे होते. ऑस्बोर्न हाउसला राणी व्हिक्टोरियासमोर गायले. पथकात बहुतेक मोठी माणसं, पण दोन मुलगेही होते, अल्बर्ट जोनास आणि जॉन झिनिवे. कार्यक्रमाचा अर्धा भाग कातडी आणि मणी घालून, अर्धा भाग इंग्रजी पोशाखात. बघणाऱ्यांना 'आधी' आणि 'नंतर' दाखवायचं म्हणून. पैशांचा घोळ झाला, व्यवस्थापकांनी वाऱ्यावर सोडलं. त्यातल्याच शार्लट मान्ये पुढच्या दौऱ्यात अमेरिकेत अडकल्या, तिथल्या कृष्णवर्णीय चर्चने हात दिला, ओहायोच्या विल्बरफोर्स विद्यापीठातून त्या पदवीधर झाल्या आणि परत जाऊन शार्लट मॅक्सेके म्हणून मोठं काम उभं केलं. त्या पथकाचे १८९१चे फोटो शंभराहून जास्त वर्षं लंडनच्या एका संग्रहात पडून होते. ते दोन मुलगे कॅमेऱ्याकडे ज्या नजरेने बघताहेत ती बघा आणि 'बिचारी' म्हणून दाखवा.

दुसरी गोष्ट शंभर वर्षांनंतरची. १९९०च्या दशकात झांबियातल्या मुलग्यांना शाळा आणि पगार देऊ असं सांगून एका धार्मिक संस्थेने टेक्सासला नेलं. दिवसाला चार-चार, कधी सात कार्यक्रम. नाही म्हटलं तर जेवण बंद करायची धमकी. त्यातला एक मुलगा मोठा होऊन मानवी तस्करीविरुद्ध जाहीरपणे बोलू लागला. सगळ्या पथकांना एका मापाने मोजू नये, चांगली पथकं दौऱ्यात शिक्षक सोबत ठेवतात, दौऱ्यानंतर शिक्षणाची सोय लावतात. पण कार्यक्रमाला गेलात तर आयोजकांना विचारा: मुलांची शाळा कशी चालते, आठवड्याला किती कार्यक्रम, घरी बोलायला मिळतं का. हे विचारणं म्हणजे गाण्याचा अपमान नाही.

उंबरठा

सडाफुली, धन्यवाद. एक सुचतं. 'हळहळ' हा शब्द शीर्षकात आहे म्हणून सांगते. मी भाषाशास्त्र शिकले. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत जिभेचे तीन टचकार आहेत, पूर्ण व्यंजनं आहेत ती. त्यातला एक अगदी तोच, जो आपण कुणाची कीव आली की 'च्च च्च' करताना काढतो. आपल्याकडे त्या आवाजाला शब्दात जागा नाही, फक्त हळहळायला वापरतो. तिथली मुलं त्याने नावं घेतात, गाणी गातात.

खोसांचा पहिला भजनकार न्त्सिकाना १८२१ मध्ये वारला. लिहायला-वाचायला येत नव्हतं. सकाळी झोपडीच्या दारात उभा राहून गायचा आणि त्या गाण्यानेच लोकांना प्रार्थनेला बोलवायचा. ती गाणी पुढची कित्येक दशकं तोंडातोंडी जगली, मग लव्हडेल मिशनच्या जॉन नॉक्स बोक्वे यांनी ती सोल्फात उतरवली. माझ्या पहिल्या प्रतिसादातला प्रश्न मी अर्धा मागे घेते. चाल, शब्द, दोन्ही त्यांचंच होतं, अगदी सुरुवातीपासून.

नदीकाठ

उंबरठा, 'च्च'चं वाचून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

कालच्या शनिवारी मी खिडकीत न बसता चर्चमध्ये जाऊन बसले. जाताना लुगांडाचं, म्हणजे इथल्या भाषेचं, छापील भजनपुस्तक घेऊन गेले. या धाग्यामुळे कान जरा टवकारलेले होते, आणि एके ठिकाणी लक्षात आलं की पुस्तकातली विलायती चाल ओळीच्या शेवटी वर चढते, पण मुलं खाली येतात. सगळी, एकदम. तालीम संपल्यावर बाईंना विचारलं, मुलांचं चुकतंय का? त्यांनी पुस्तक हातात घेतलं, ओळ नुसती बोलून दाखवली, आणि मग गाऊन. बोलताना आवाज जिथे उतरला, गातानाही तिथेच उतरला. म्हणाल्या, "पुस्तकात तसं आहे, आम्ही असं म्हणतो." त्यांना कुणी शिकवलं? त्यांच्या आईने. आईला? त्या हसल्या. नगरवाली, मला तुझी आजी आठवली, जिला मी कधी पाहिलेलं नाही.

मग मुलांनी 'तुकुटेंडेरेझा' म्हटलं. 'येशू, आम्ही तुझी स्तुती करतो' एवढाच अर्थ. हे धृपद १९३०च्या दशकातल्या पूर्व आफ्रिकेतल्या धर्मजागृतीबरोबर रवांडा, केनिया, टांझानियात पसरलं, आणि ज्यांना लुगांडा येत नाही तेही ते लुगांडातच म्हणतात. कुठल्याही सभेत एकाने सुरू केलं की सगळे उचलतात, आपल्याकडे 'ज्ञानोबा-तुकाराम' सुरू व्हावं तसं.

मी त्याचं ध्वनिमुद्रण आत्याला पाठवलं, बाई आणि मुलांना विचारूनच. सोबत काही लिहिलं नाही, गोष्ट सांगितली नाही, फोटो पाठवला नाही. आत्या पुण्यात तीस वर्षं भजनी मंडळात टाळ धरते. रात्री तिचा फोन आला. 'बिचारी' हा शब्द एकदाही आला नाही. तिने विचारलं, "तो ढोल वाजवणारा मुलगा दुसऱ्या कडव्यात मुद्दाम मागे राहतो ना गं? आमचा पखवाजवाला असाच थांबतो." मग थोडा वेळ गुणगुणत राहिली आणि म्हणाली, टाळ तिथे चालेल, सम सोडून वाजवायचा.

सोमवारी तिने तुळशीबागेतून पितळी टाळांची नवी जोडी आणली आहे आणि दोरीला लाल गोंडे लावून ठेवले आहेत. पुढच्या दोन महिन्यांत पुण्या-मुंबईहून कंपालाला कुणी येणार असेल तर मला निरोप करा. वजन फार नाही. फक्त सामानात कपड्यात गुंडाळून ठेवावी लागेल, नाहीतर वाटभर वाजत राहील.

नैरोबीची_लेक

माझा भाचा सतरा तारखेला मुंबईहून नैरोबीमार्गे एंटेबेला, म्हणजे कंपालाच्या विमानतळावर, येतोय. व्यक्तिगत निरोप केलाय, बघ.